चौथा रकाना

मुंबई, १० जानेवारी १९६५

ती. दादास,

सत्यवतीचा नमस्कार.

अक्षर ओळखून पत्र फाडायला घेतलं असशील, तर आधी एवढं वाच: घरी सगळं ठीक आहे. आईचे गुडघे दुखतात, तरी भाजीची पाटी डोक्यावर घेऊन ती रेवसच्या बाजाराला जातेच. तुझा कांडला बंदराचा पत्ता तिच्याकडेच मिळाला. "लिव त्याला," असं तिनेच सांगितलं, म्हणून लिहिते आहे.

आठ वर्षांत काय काय झालं ते एका पत्रात बसणार नाही. तू गेलास तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. पुढे गणित घेऊन एम.एस्सी. झाले. आपल्या पांढरखार गावातली पहिलीच, मुलगे धरून. आता इथे एका संशोधन संस्थेत नोकरीला आहे आणि दादरला बायकांच्या वसतिगृहात राहते. लग्न केलेलं नाही. त्याबद्दल आई तुला लिहीलच, कुणाकडून तरी लिहवून घेऊन.

संस्थेत परदेशातून गणकयंत्र आलं आहे. आम्ही त्याला नुसतं मशीन म्हणतो. आपल्या मिठागराच्या कोठारापेक्षा मोठी खोली त्यानेच भरली आहे. खोली सतत थंड ठेवावी लागते, त्यामुळे मी मे महिन्यातही स्वेटर घालून कामाला बसते. हे ऐकून आई म्हणाली, "मशिनीला गरमी व्हते न् तुला थंडी, मंग दोघांना येका खोलीन कनाला बसवलाय?" ह्याचं उत्तर आमच्या साहेबांनाही देता आलं नाही.

आम्ही पाच जण मिळून एक मोठा प्रोग्राम लिहितो आहोत. प्रोग्राम म्हणजे मशीनने काय करायचं त्याच्या सूचना, भोकं पाडलेल्या कार्डांवर. आमचा प्रोग्राम शास्त्रज्ञांची लांबच लांब सूत्रं घेऊन ती सोपी करून देणार आहे. माणसाला जिथे महिना लागतो तिथे दहा मिनिटं. हे नव्या भाषेत चाललं आहे, लिस्प नावाच्या. तिच्यात कंस फार. २१ एप्रिलला दिल्लीहून मोठी मंडळी बघायला येणार आहेत. तोवर ते चाललं नाही तर ही भाषा बंद, आमचा गट मोडला, आणि मी पुन्हा बेरजेच्या यंत्रांच्या टेबलावर.

सध्या ते चालत नाही.

बांधाबद्दल मी काही लिहिणार नाही. तूही लिहू नकोस. फक्त बरा आहेस एवढं कळव.

तुझी,
सत्यवती

मुंबई, २१ फेब्रुवारी १९६५

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरून चालले होते असंही नाही. तरी लिहिते, कारण ह्या आठवड्यात जे झालं ते इथे कुणाला सांगण्यासारखं नाही. इथे सगळ्यांना ते माझ्याइतकंच ठाऊक आहे.

आमचा प्रोग्राम सव्वातीनशे फंक्शनांचा आहे. फंक्शन म्हणजे असं समज: त्याला काही द्यायचं, ते त्याचं काहीतरी करतं आणि एक उत्तर परत देतं. एखाद्याला एकच गोष्ट लागते, एखाद्याला तीन. जे द्यायचं त्याला इंग्रजीत आर्ग्युमेंट म्हणतात. त्या शब्दाचा दुसरा अर्थ वाद. आमच्या विभागात सध्या दोन्ही अर्थ जोरात आहेत.

दोन महिने आम्ही हैराण होतो. साध्या सूत्राचं उत्तर कधी बरोबर यायचं, कधी भलतंच. तोच कार्डांचा गठ्ठा सकाळी एक सांगायचा, दुपारी दुसरं. मशीन कुठे अडायचं नाही, थांबायचं नाही. चुकीचं उत्तरसुद्धा इतक्या ठाम अक्षरांत छापायचं, की पहिल्यांदा आपलाच आपल्यावर संशय यावा. गटात हरेश्वर म्हणून श्रीवर्धनचे एक जण आहेत, हुशार पण बोलायला फटकळ. त्यांनी सरळ सांगून टाकलं की गोंधळ सत्यवतीबाईंच्या फंक्शनांत आहे. साहेबांनीही मान हलवली. पाच जणांत मी एकटी बाई, त्यामुळे मान हलवणं सोपं होतं.

मी माझं एकेक फंक्शन हाताने तपासलं. कुठे चूक नाही. मग हरेश्वरांची तपासली. तिथेही नाही. गुरुवारी दुपारी छापलेले कागद जमिनीवर पसरून बसले आणि बोट ठेवत ठेवत पुढे गेले, तेव्हा दिसलं. माझं एक फंक्शन तीन गोष्टी मागतं. आधी दोनच मागायचं. डिसेंबरात मी ते बदललं आणि सगळ्यांना सांगितलं, पण त्या आठवड्यात हरेश्वर गावी होते. ते अजून दोनच देत होते. मशीनने तिसरी मागितलीच नाही. त्या जागी आधीच्या कामातलं जे काही पडलेलं होतं ते उचललं, आणि पुढे गेलं.

मी हरेश्वरांना बोलावून दाखवलं.

"म्हणजे माझं काही चुकलेलं नाही," ते म्हणाले.

"माझंही नाही."

"मग त्याने ओरडायला नको? तिसरं कुठे आहे म्हणून?"

ते थट्टेत बोलले. मी मात्र कागद तसेच टाकून बाहेर आले आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिले. तिथून हवा स्वच्छ असली की आपल्याकडचे डोंगर दिसतात. मला जुनं काही आठवलं. ते आज लिहीत नाही.

कामाचं म्हणशील, तर अशा जागा सव्वातीनशे फंक्शनांत किती असतील कुणास ठाऊक. हाताने शोधायच्या तर पावसाळा उजाडेल. मी दुसरं काही करायचं ठरवलं आहे.

सत्यवती

मुंबई, २८ मार्च १९६५

दादा,

झालं! मी केलं ते चाललं!

सुरुवातीपासून सांगते, कारण आज मला कुणाला तरी सुरुवातीपासून सांगायचंच आहे. मी साहेबांकडे जाऊन म्हटलं की मला तीन आठवडे द्या, प्रोग्राम तपासणारा प्रोग्राम लिहिते. कुठलंही फंक्शन किती गोष्टी घेतं ते तो आधी मोजेल. मग त्याला जिथे जिथे बोलावलं आहे, तिथे किती दिल्या ते मोजेल. जमलं नाही की काम सुरूच होऊ द्यायचं नाही.

साहेब म्हणाले, "एवढ्यासाठी तीन आठवडे? माणसाने डोळे उघडे ठेवून वाचावं."

"सर, आम्ही पाच जण दोन महिने डोळे उघडे ठेवूनच वाचत होतो."

"एप्रिल तोंडावर आहे."

"म्हणूनच."

त्यांनी दोन आठवडे दिले. मशीनवर रोज सकाळी सातपासून अर्धा तास.

पहिला भाग चार दिवसांत झाला. फंक्शन लिहिताना नावापुढे कंसात ते काय काय घेणार त्याची यादी असते. ती मोजायची, संपलं. मग बेरजेसारखी फंक्शनं आडवी आली. बेरीज दोघांचीही होते, दहांचीही. त्यांच्यासाठी मी उणे एक हा आकडा ठरवला. नावापाशी उणे एक दिसला की समजायचं, कितीही चालतील.

खरी अडचण त्याच्या पुढे होती. ह्या भाषेत एक फंक्शन दुसऱ्या फंक्शनाच्या हातात देता येतं. समज, तू एका मुकादमाला सांगितलंस की ह्या रांगेतल्या प्रत्येक दगडावर मी देईन तो गडी लाव. मुकादमाला गड्याचं नाव काम सुरू झाल्यावरच कळणार. आता तो गडी एका दगडावर काम करणारा आहे, की त्याला दोन दगड एकदम लागतात, हे कागद वाचून कसं कळावं? सहा दिवस मी तिथेच अडले. जेवताना ताटात कंस दिसायला लागले.

सातव्या दिवशी सुचलं, की कागदाला विचारूच नये. गड्यालाच विचारावं. मशीनच्या आत प्रत्येक फंक्शनाच्या नावापाशी थोडी जागा असते, तिथे हवं ते टिपून ठेवता येतं. मी तिथे आकडा टिपला: हे किती घेतं. आणि एक छोटं फंक्शन लिहिलं, ज्याला दुसरं कुठलंही फंक्शन द्यावं आणि त्याने तो आकडा सांगावा. मुकादमाने कामाला लावण्याआधी हाक मारून विचारायचं, बस. नाव काय द्यावं ते सुचेना. शेवटी कार्डावर रोमन अक्षरांत "किती" असंच पंच केलं.

काल सकाळी सात वाजता गठ्ठा घातला. प्रिंटर सुरू झाला तो थांबेना. एकेचाळीस जागा, दादा! कुठलं फंक्शन, किती मागतं, किती दिले, सगळं ओळीने. त्यात सतरा हरेश्वरांच्या, सहा माझ्या. एक खुद्द साहेबांची. हरेश्वर कागद हातात घेऊन मोजत राहिले आणि मग म्हणाले, "बाई, ही तुमची किती मला लग्नाच्या आधी भेटायला हवी होती. सासरची माणसं काय काय मागतात ते तरी कळलं असतं." त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

एकेचाळीस जागा दुरुस्त करून दुपारी सूत्र घातलं. बरोबर उत्तर. पुन्हा घातलं, तेच. पाच वेळा घातलं. साहेबांनी स्वतः जाऊन सगळ्यांसाठी चहा सांगितला.

मी खूप आनंदात आहे. आणि तरीही एक काम मी टाळते आहे. तुला तीन पत्रं लिहिली, तीनही वेळा टाळलं.

सत्यवती

मुंबई, २७ एप्रिल १९६५

दादा,

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. आधी सोपी सांगते.

२१ तारखेला दिल्लीची मंडळी आली. त्यांत एक वयस्क गणितज्ञ होते. आम्ही तीन सूत्रं सोडवून दाखवली, त्यांनी नुसती मान डोलावली. मग म्हणाले, मला एक कार्ड स्वतः लिहू द्या. लिहिलं. गठ्ठ्यात घातलं. मशीन थांबलं आणि प्रिंटरवर "किती"च्या नावाने एक ओळ उमटली: ह्या फंक्शनाला तीन हवेत, दोन मिळाले. साहेबांचा चेहरा उतरला. म्हातारबुवांनी ओळ दोनदा वाचली, आपलं कार्ड पाहिलं आणि मोठ्याने हसले. "माझी चूक! ह्याने मला धरलं. आमच्याकडचं मशीन असं कधी धरत नाही. ही किती कोण?"

"मराठी शब्द आहे, सर," मी म्हटलं. "हाऊ मेनी."

"कुणी लिहिलं?"

साहेब पुढे झाले. मला वाटलं, आता म्हणतील, आमच्या गटाने. ते म्हणाले, "ह्या सत्यवतीबाईंनी. मी दोन आठवडे सुद्धा कुरकुरत दिले होते."

गट टिकला. कामाला आणखी दोन वर्षांची मुदत मिळाली, आणि ते तपासणीचं काम माझ्या नावावर झालं.

आता दुसरी.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. आईने मला लिही म्हणून सांगितलं नव्हतं. तिने पत्ता दिला, तोही मी तिसऱ्यांदा मागितल्यावर. माझं तोंड बघून म्हणाली होती, "काय लिवनार हाईस त्याला?"

सत्तावन सालच्या उन्हाळ्यात तू खाडीचं पाणी अडवायला बांध घातलास, तेव्हा उंचीचा हिशेब माझा होता. कुणा ओव्हरसियरकडून गावात एक छापील कागद आला होता, वर सूत्र आणि खाली नमुना म्हणून सोडवलेलं एक उदाहरण. गावात तेवढं गणित येणारी मीच. मी नऊ फूट सांगितले, तू नऊ फुटांचा बांध घातलास. श्रावणातल्या उधाणाला मधोमध बांध फुटून खांड गेली आणि सगळी शेतं खाऱ्या पाण्याखाली आली. पंच बसले. कुणीतरी तुझं नाव घेऊन म्हणालं, हिरामणने मधे बांध बुटका ठेवला, माती चोपली नाही. मोजून बघायला तिथे बांधच उरला नव्हता. पंचांतल्या दयारामकाकांनी मला उभं करून विचारलं, "पोरी, तुजा हिशोब बराबर हाय?" आणि मी सगळ्यांपुढे म्हटलं, "माझा हिशेब बरोबर आहे." तू माझ्याकडे पाहिलंस. दिवाळीआधी तू गाव सोडलंस.

मी खोटं बोलले नव्हते, दादा. बेरीज मी चार वेळा तपासली होती. बेरीज आजही बरोबर आहे.

फेब्रुवारीत हरेश्वर म्हणाले ना, मग त्याने ओरडायला नको, तिसरं कुठे आहे म्हणून. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे तो छापील कागद आला. त्यात रकाने किती होते ते मला आठवेना. वही गावी पेटीत. रेवसची लाँच भाऊच्या धक्क्यावरून रोज सुटते. तरी मी नऊ आठवडे गेले नाही. आधी २१ एप्रिल होऊ दे म्हणून स्वतःची समजूत घालत राहिले. खरं कारण भीती.

गेल्या शनिवारी गेले. वही काढली. रकाने चार आहेत. उधाणाची पातळी, जमिनीची पातळी, माती किती बसेल, आणि वाऱ्याने चढणारी लाट. उदाहरण आतल्या खाडीतल्या बांधाचं होतं. तिथे वारा लागत नाही, म्हणून चौथ्या रकान्यात नुसती रेघ. मी ते बघून आपल्याकडेही रेघच धरली आणि तीनच आकडे घातले. आपला बांध तर थेट खाडीच्या तोंडावर, पश्चिमेला उघडा. लाटेचे आकडे कागदाच्या मागच्या बाजूला छापलेले होते. मी कागद वहीत चिकटवून टाकला होता. मागची बाजू आठ वर्षांत कधी पाहिलीच नाही. वाफेवर धरून सोडवला. आपल्यासारख्या जागेला सव्वादोन फूट.

बांध सव्वाअकरा फुटांचा हवा होता.

मी टेप घेऊन उरलेल्या बांधावर गेले. खांडीच्या अलीकडे तीन जागी मोजलं, पलीकडे चार जागी. आठ फूट अकरा इंच, सगळीकडे. आठ पावसाळ्यांत फक्त एक इंच बसला आहे. जेवढा सांगितला तेवढा तू बांधलास.

रविवारी सकाळी मी दयारामकाकांकडे जाऊन म्हटलं, पंच बोलवा. देवळाच्या ओट्यावर सगळे जमले, जवळजवळ तेच लोक. आई मागे खांबाला टेकून उभी होती. मी वही उघडून कागदाच्या दोन्ही बाजू दाखवल्या आणि म्हटलं, "हिशेब माझा चुकला होता. सूत्र चार मागत होतं, मी तीन दिले. हिरामणदादाचा बांध बरोबर होता. तेव्हा मी इथेच उभं राहून उलटं बोलले होते."

वही मी दयारामकाकांच्या हातात दिली.

दयारामकाका हळूच म्हणाले, "त्या दिशी मी बांधावरच व्हतो. पानी आदी वरशी आयला, सगल्या बांधावरशी. मंग मधी खांड जेली. मना तवाच समजाला पायजे व्हता." मग पंचांकडे वळून म्हणाले, "मंग हिरामनला आमी फुकट घालवला?"

आई खांब सोडून पुढे आली. "आमी नको बोलू, दयारामा. मी कवाच न्हाय बोलली. तुमी बोललाव. न् ही पोर बोलली." माझ्याकडे बघून बोलली, आणि मग माझा हात धरला तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

क्षमा माग म्हणून मला कुणी सांगितलेलं नाही. मी मागते आहे. तू दिली नाहीस तरी ते कागदाचं सत्य तुझ्यापर्यंत पोचायला हवं होतं.

सत्यवती

मुंबई, ६ जून १९६५

दादा,

तुझं पत्र परवा आलं. मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं आहे. खरं वाटावं म्हणून इथे पुन्हा माझ्या हाताने उतरवते आहे:

"सत्ये, तुजा कागद भेटला. आदीचे तीन पन भेटले. फाडले न्हाय. तू पंचांपुडं बोललीस तवा मना तुजा राग न्हवता आयला. मना वाटला, सत्यी शिकलेली हाय, तिचा हिशोब चुकनार न्हाय. मंग चुकला कोन? मीच. बांध चालू व्हता तवा चार दीस मना हिवताप व्हता. मधली बाजू त्याच चार दिसांत झाली. गड्यांनी माज्या पाठी काय केला, मना ठाव न्हवता. आठ वरसा त्योच इचार डोक्यान. हिकडं मी भित बांधली का दोनदा मापतो, सगले हसतान. काल तुजा कागद वाचला न् धक्क्यावर जाऊन बसलो. कामाला जेलो न्हाय. आठ वरसांत पयल्यांदा. आयेला सांग, जानेवारीला सुटी काडून येतो. बांध मीच बांधीन. पन तो कागद मी सोता बगनार, दोनी बाजू. न् हिशोब तूच कराचा. दुसऱ्या कुनाचा मना चालनार न्हाय."

शेवटच्या दोन वाक्यांशी मी रडले. वसतिगृहातल्या बाईंना वाटलं, घरी काहीतरी झालं. मी म्हटलं, हो, झालं आहे. माझा भाऊ येतो आहे.

मी तुझ्या रागाची इतकी तयारी केली होती की तुझ्या त्या चार दिवसांचा विचार मला शिवलाही नव्हता. मी माझ्या हिशेबावर विश्वास ठेवला, तूही माझ्याच हिशेबावर ठेवलास, आणि तुझ्या कामावर विश्वास ठेवायला कुणीच उरलं नाही. आता ऐक. सात जागी मोजलं आहे. त्या चार दिवसांत तुझ्या गड्यांनी कशी माती चोपली ते कुणालाच कळणार नाही, पण सव्वाअकराच्या जागी नऊ असताना त्यांनी लोखंड ओतलं असतं तरी पाणी वरून आलंच असतं. आता धक्क्यावर जाऊन बसू नकोस. पुढच्या भिंती एकदाच मोज.

आईला पत्र वाचून दाखवायला काल गेले होते. सबंध ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जानेवारीला किती दीस हाईत?" मग ते दिवस मोजायला बसली.

तुझी,
सत्यी

पांढरखार, २ सप्टेंबर १९६६

दादा,

हे पत्र मी आपल्या ओटीवर बसून लिहिते आहे. पायाला अजून चिखल आहे. मे महिन्यात बांध पुरा करून तुला कांडल्याला परत जावं लागलं. ह्या दिवशी तू इथे नव्हतास, म्हणून काही न गाळता लिहिते.

काल वर्षातलं सगळ्यांत मोठं उधाण होतं. मी दोन दिवस रजा घेऊन आले. सकाळपासून वारा पश्चिमेचा, असा की दयारामकाकांच्या हातची छत्री उलटली. दहा वाजल्यापासून माणसं बांधावर जमायला लागली. कुणी घमेली आणली होती, कुणी रिकामी पोती मातीने भरून ठेवली होती. मी खाडीच्या बाजूला बांबू रोवून त्यावर फुटांच्या खुणा केल्या होत्या, तिथे बसले.

बाराला पाणी सात फुटांवर. साडेबाराला आठ. नऊची खूण बुडाली तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. जुना बांध असता तर इथून पुढे शेतं गेली असती. लाटा फुटून तोंडावर खारं पाणी उडत होतं. पावणेएकला एक लाट दहावर आपटली. पाठोपाठ दुसरी, दहाच्या वर चार बोटं. शेजारच्या काशीकाकूने डोळे मिटून घेतले. मधली बाजू, जिथे खांड गेली होती, तिथे आई उभी होती. तिला हलवायला दोघं गेले, ती हलली नाही. म्हणाली, "माज्या पोरानं बांधलाय. मी हिथंच ऱ्हानार."

सर्वांत मोठी लाट दहा फूट आठ इंचांपर्यंत चढली. मी दोनदा बघून वहीत लिहिलं. वर सात इंच कोरडे होते.

एकला पाणी थबकलं. सव्वाला लाटा दहाच्या खाली आल्या, मग नऊची खूण दिसली. आतल्या बाजूला मी टोकापासून टोकापर्यंत चालत गेले. कुठे पाझर नाही, एक ढेकूळ सरकलेलं नाही. वरच्या तुकड्यांत ह्या वर्षी राता, खाऱ्या जमिनीतही येणारा तांबडा भात, लावला होता. खारी जमीन गोडी व्हायला अजून दोन पावसाळे जातील, पण राता उभा आहे. पोपटी, गुडघ्याएवढा, वाऱ्याने आडवा होतो आणि पुन्हा उभा राहतो. शेजारच्या खारजमिनीतली माणसंही बघायला आली होती. त्यांचा बांध सातव्या फुटापासून गळतो आहे. त्यांनी मला विचारलं, हिरामण मिस्त्री पुढच्या जानेवारीत मोकळा आहे का. मी म्हटलं, त्यालाच विचारा. हिशेब कुणाचा, असंही विचारलं. मी म्हटलं, माझा, पण आधी तुमच्या जागेचे चारही आकडे आणा, त्याशिवाय मी पेन्सिल उचलणार नाही.

पाणी उतरायला लागल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. कुणी नाचत होतं. आई चिखलात बसून पाय चेपत होती आणि येईल त्याला सांगत होती की तिचे गुडघे आज मुळीच दुखत नाहीत. दयारामकाका मात्र एकटेच बांधाच्या टोकाला गेले, अगदी खाडीच्या तोंडापर्यंत. वाऱ्यात त्यांची टोपी उडाली, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. उत्तरेकडे तोंड केलं, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि होता तेवढा जोर लावून ओरडले. कांडल्यापर्यंत ते पोचलं नसेल, म्हणून मी लिहून पाठवते:

"हिरामना! बांध हाय रे! बांध हाय!"

तुझी,
सत्यी